सव्वादोन किलोचं पत्रक

आमच्या घरात त्या दिवसांत भिंतींनासुद्धा लसणाचा वास येत होता. वहिनी बाळंतीण, आणि अम्माने स्वयंपाकघराचा असा ताबा घेतला होता की चहा करायचा तरी मला विचारावं लागायचं. सकाळी आठ वाजता चिंचेच्या कोळात सोललेला लसूण रटरटायला लागायचा. बाजूच्या शेगडीवर सुंठ, मिरी, गूळ, तूप घालून काळंभोर लेह्यम ढवळलं जायचं, बाळंतिणीनं सकाळ-संध्याकाळ चाटायचं म्हणून. शेजारीच मॅन्शन होतं, म्हणजे एकट्या नोकरदार पोरांना खोल्या देणारी इमारत. आमच्या तिरुवल्लिकेणी पेठेत अशा इमारती गल्लीगल्लीला आहेत. त्या मॅन्शनच्या गॅलरीतून पोरं ओरडायची, "अम्मा, आम्हालाही एकदा बाळंत होऊ द्या!" एरवी अम्मा हसली असती, वर एक वाटीही पाठवली असती. पण त्या बारा दिवसांत घरात कोणीच मोकळं हसत नव्हतं. बाळ सव्वादोन किलोचं झालं होतं.

सव्वादोन. बाळ दिवस पूर्ण भरून जन्मलं होतं, जन्मल्याबरोबर ठणाणा रडलं होतं, तासाभरात प्यायलं होतं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की मुलगी लहान आहे पण निरोगी आहे. ऊब द्या, दर दोन-तीन तासांनी पाजा, वजन करायला आणत जा. हे कोणी ऐकलंच नाही. ऐकला तो आकडा. भेटायला येणारी प्रत्येक बाई दारात चप्पल काढता काढता आधी विचारी मुलगा की मुलगी, आणि चप्पल निघायच्या आत विचारी वजन किती. "अस्के विचारतात मा," अम्मा मला म्हणायची, "मी काय म्हणून सांगू?" अस्के म्हणजे सगळे. आमची मराठी अशी, तंजावरकडची, तमिळच्या हेलात बोललेली. वहिनीला लग्नानंतर सहा महिने ती कळतच नव्हती. ती तासगावची. श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात तपासणीच्या लाइनवर इंजिनियर; माझा भाऊ, अण्णा, त्याच कंपनीच्या ऑफिसात. अम्मा तिला म्हणायची, "अश्विनी, सारु घालून खा," आणि ती मला हळूच विचारायची, "मैथू, सारु म्हणजे झाडू का गं?" साधं सार होतं ते.

वहिनी माझ्या खांद्याला लागायची. चण इवलीशी, मनगट माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावेल एवढं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. डोक्यात काय येत होतं त्याची यादी मी आजही न अडखळता म्हणू शकते: ती कोरडी भाकरी खाते, तिने केशराचं दूध टाळलं, पहिलं बाळंतपण असून माहेरी गेली नाही, आठवा महिना लागेपर्यंत पहाटेच्या कंपनीच्या बसने कामावर गेली, तिथे आठ-आठ तास उभी राहिली. ह्या यादीत अण्णाचं नाव कुठेही नव्हतं. अर्धं बाळ त्याचं होतं, पण वजन मात्र सगळं वहिनीचं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि कामगार बायकांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहीत होते. पत्रक लिहिणं मला येत होतं, ते एवढंच एक मला येत होतं. पहिल्या ओळीला माणूस थांबला पाहिजे, दुसऱ्या ओळीला चिडला पाहिजे, तिसऱ्या ओळीत काय करायचं ते कळलं पाहिजे. आता नव्या मुलींना मी हेच शिकवते, फक्त त्याला एक चौथी गोष्ट जोडते. ती का जोडते ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी वहिनी कामावरून आली, पलंगावर पाय वर करून बसली आणि म्हणाली, "एक स्टूल दिलं असतं ना लाइनवर, तर कुणाचं काय बिघडलं असतं?" पाय घोट्याशी असे सुजलेले की मोज्याची रेघ आत गेली होती. हे माझ्या डोक्यात पेटत राहिलं होतं. बाळ झालं, आकडा कळला, आणि दवाखान्याच्या जिन्यातच माझं पत्रक तयार झालं. "आठ तास उभी आई. सव्वादोन किलोचं बाळ. जबाबदार कोण?" तमिळमध्ये हे आणखी टोचायचं. चौथ्या दिवशी छापून आलं, पाचव्या दिवशी पहाटे आम्ही तिघीचौघींनी कंपनीच्या बसथांब्यावर वाटलं. नाव कुठेही नव्हतं. पण त्या बसने जाणाऱ्यांत गेल्या आठवड्यात बाळंत झालेली बाई एकच होती. मी इतकी खुशीत होते की परत येताना इडली घ्यायची विसरले. बायका पत्रक वाचून घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या! पत्रक लिहिणाऱ्याला ह्यापेक्षा जास्त काय हवं असतं?

मग ते घरी आलं. अण्णाच्या कुणा सहकाऱ्याने दिलं असावं. अम्माने चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी केली आणि देवघराजवळच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. मला वाटलं, अम्माला पटलं! पटलंच होतं. आठव्या दिवशी समोरच्या घरातली मामी बाळाला बघायला आली तेव्हा अम्माने तो कागद खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिला.

"बघा मामी, माझी मुलगी शिकलेली आहे. तिनेच छापून सांगितलीये, कामावर गेल्यामुळे असं झालं म्हणून. मी बोलले तर सासू बोलते म्हणतील. आता तर कागदच आहे."

"मग सोडून देऊ दे की कामाला," मामी म्हणाली.

"हो की नाही? रघूला मी सांगितले, राजीनामा लिही म्हणून."

रघू म्हणजे अण्णा. आणि त्याने लिहिला. माझा भाऊ दुष्ट नाही. त्याला कोणी ठामपणे काही सांगितलं की तो ते टाइप करतो. राजीनामा वहिनीच्या लॅपटॉपवर तयार होता, तिने फक्त पाठवायचा होता. बाळंतपणाच्या सुट्टीचे चारएक महिने हातात असताना, बाळ आठ दिवसांचं असताना, आमच्या घरात एका इंजिनियर बाईची नोकरी संपत आली होती, आणि ती संपवायचं हत्यार मी घडवून दिलं होतं.

मी वहिनीच्या खोलीत गेले. खोलीत शेगडीची ऊब, बाळाच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास, तुळईच्या हुकाला जुन्या सुती साडीची झोळी, झोळीत मुठीएवढं तोंड. वहिनी भिंतीकडे पाठ करून बसली होती.

"वहिनी, मी तुझ्यासाठीच लिहिलं होतं."

"माझ्यासाठी होतं तर मला वाचून का नाही दाखवलंस?"

मी कधीच कोणाला वाचून दाखवत नसे. घाई असायची.

"माझ्या बाळाचं वजन तू चौकात वाटलंस, मैथू," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, बाळ झोपलं होतं. "अम्मा म्हणतात, मी जेवले नाही म्हणून. तू म्हणतेस, मी उभी राहिले म्हणून. दोघींचं शेवटी एकच, मी केलं. आता ते कागद परत कसे गोळा करणार आहेस?"

बारशाच्या दिवशी सकाळच्या गाडीने वहिनीची आई आली. माई. अंगणवाडी सेविका, गावातला सर्व्हे संपेपर्यंत तिला सुट्टी मिळाली नव्हती. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत चक्क लटकता वजनकाटा, अंगणवाडीत नवा आल्यावर बाद झालेला. तिने पाय धुतले, हात साबणाने धुतले, नातीला झोळीतून काढलं, झोळी हुकावरून उतरवली, त्याच हुकाला काटा टांगला आणि चहा यायच्या आत वजन करून टाकलं.

"पहिल्या दिसांत वजन उतरतंय, ते भरून काढून वर सरकलाय काटा," तिने जाहीर केलं. "मग तोंडं का अशी समद्यांची?"

अम्माला तिची मराठी अर्धी कळायची, माईला अम्माची पाव. तरी अम्माला एवढं कळलं की ह्या बाईला आकड्यांची भीती वाटत नाही. तिने घाबरल्यासारखं लेह्यमचं भांडं पुढे केलं. माईने बोटभर चाटलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "विहीणबाई, ह्याची कृती लिहून द्या." घरात त्या दिवशी एवढं एक गोड झालं होतं, संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी बायका जमल्या. फुलांचे गजरे, वाटली डाळ, पायसम, समोरच्या मामीचा चढा आवाज. आमच्याकडची रीत अशी की नाव ठेवायच्या आधी बाळाच्या पायात घरचे चांदीचे वाळे घालायचे. आमचे वाळे जाडजूड, घुंगरांचे. माझ्या वडिलांनी, अप्पांनी घातलेले, अण्णाने घातलेले. अण्णा तर चांगला गुटगुटीत जन्मला होता, अम्मा अजून सांगते की नर्सने दोन हातांनी उचलला. अम्माने वाळे कुंकू लावून बाळाच्या पायात सरकवले आणि तिला पाळण्यात घालायला उचललं. एक वाळा खाली पडला. घुंगरांसकट, लाल फरशीवर, खण्णकन. अम्मा दचकली, बाळाने पाय झाडला आणि दुसराही पडला आणि घरंगळत मामीच्या पायाशी जाऊन थांबला.

"अय्यो, पावम," मामी म्हणाली. पावम म्हणजे बिच्चारी. आणि सगळ्या बायकांनी बाळाकडे नाही, वहिनीकडे पाहिलं. वहिनी ताठ उभी होती. मला वाटलं, आता ही आत जाणार आणि राजीनामा पाठवायचं बटण दाबणार.

माई उठली. कमरेच्या पिशवीतून रुमालाची गाठ काढली, दातांनी सोडवली. आत दोन वाळे. साधे, बारीक, घुंगरू नाही, नक्षी नाही, घासून घासून गुळगुळीत झालेले. इतके लहान की मला आधी अंगठ्याच वाटल्या. तिने बाळाच्या पावलाला खोबरेल चोळलं, वाळा सरकवला, पाऊल हलवून पाहिलं. बसला. ना सैल, ना घट्ट. दुसराही बसला.

"आमच्यात आईकडनं लेकीला देत्यात," माई म्हणाली. "ह्यात माझी आई बसली, मी बसले, ही अश्विनी बसली. आमच्यात पोरी अशाच निघत्यात, चिमणीएवढ्या. मग काय वाढत न्हाईत व्हय? ही बघा की, मशिनी तपासती."

अम्मा खाली बसली. तिने आमचा एक वाळा उचलला, बाळाच्या पायाशी नेला, पावलासकट त्या बारीक वाळ्यावरून वर सरकवला. तो कुठेच न अडकता गुडघ्यापर्यंत गेला. खोलीत सगळ्या बायका वाकून बघत होत्या.

"हे आधी कां सांगितली नाहीस मा?" अम्मा वहिनीला म्हणाली.

"तुम्ही विचारलंत का, अम्मा? मी काय खाल्लं ते विचारलंत. किती वाजता उठले ते विचारलंत. माझी आई जन्मताना केवढी होती, ते कोणी विचारलं?"

मी दुसऱ्या दिवशी बाळाच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंकडे गेले ती प्रश्नांची यादी घेऊनच. वहिनी, माई, झोपलेलं बाळ आणि मी. बाईंनी वाळे हातात घेऊन निरखले, हसल्या, आणि आधी मला गप्प केलं. "हा पुरावा नाही. तीन पिढ्या पोटभर खायला मिळालं नसेल तरी वाळे असेच लहान असतील."

"खरंय," माई म्हणाली. "माझ्या आईच्या येळंला दुष्काळच होता. पण अश्विनीच्या वक्ताला मी दूध, अंडी, समदं खाल्लं. तरी ही एवढीशीच."

"म्हणून ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मी खुर्चीच्या कडेवर आले होते. बाळाच्या वजनावर आईची जनुकं दोन वाटांनी काम करू शकतात. एक वाट आपल्याला माहीत असते: आईची निम्मी जनुकं बाळात उतरतात, निम्मी बापाची, आणि बाळाची वाढ कशी होणार हे ती काही अंशी ठरवतात. पण दुसरी वाट! आईची जी जनुकं बाळात उतरलेलीच नाहीत, तीही नऊ महिने बाळावर काम करत असतात. कारण आईची उंची, तिच्या रक्तातली साखर, तिचा रक्तदाब, ह्या सगळ्यांत आईच्या जनुकांचा हात असतो, आणि बाळ राहतं त्या आईत. साखर जरा जास्त राहणारी आई असेल तर बाळ मोठं होण्याकडे कल, रक्तदाब चढा राहणारी असेल तर लहान होण्याकडे. कधी दोन्ही वाटा एकमेकींच्या उलट ओढतात. आणि वजनाचं म्हणून एकच जनुक नसतं, कितीतरी असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

मला कोणी नवं शहर दाखवावं तसं झालं. माझ्या अंगात न उतरलेलं अम्माचं काहीतरीही मला घडवून गेलं होतं! मी जन्मायच्या आधी तिच्या रक्तात राहून आले होते! मग एकदम माझा पारा चढला.

"म्हणजे पुन्हा आईच! आधी आईचं जेवण, मग आईचं काम, आता आईची जनुकं. बाप कुठे आहे ह्यात?"

"आहे की, पहिल्या वाटेवर, निम्मा," बाई म्हणाल्या. "आणि कारण वेगळं, दोष वेगळा. तुझी उंची हा तुझ्या अम्माचा गुन्हा आहे का?"

"मग उभं राहण्याचं काय? आठ तासांचं?"

"जड उभं काम चांगलं नाहीच. खाणं, हवा, आजार, सगळं मोजावं लागतं. पण ह्या एका बाळाकडे बघून, कशामुळे लहान झालं ते मी सांगू शकत नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पत्रक त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं. "तूही सांगू शकत नाहीस."

हे वाक्य आज इतक्या वर्षांनीही मला जसंच्या तसं ऐकू येतं. दिवसभर टोचलं. पण खरं सांगते, टोचण्यापेक्षा उत्साह जास्त होता. बसमध्ये मी वहिनीला सगळं पुन्हा समजावत होते, हातवारे करून, ती हसत म्हणत होती, "अगं, मी पण तिथेच होते." बारा-तेरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

संघटनेतली माझी मैत्रीण सेल्वी मात्र भडकली. ती स्वतः त्याच कारखान्यात कंत्राटावर होती. "जनुकं म्हटलं की कंपनीवाले काय म्हणतील माहितीये? बघा, आमचा संबंध नाही. निसर्ग आहे. आणि स्टुलाची मागणी कचऱ्यात." तिचं बरोबर होतं. मला तीच भीती होती. खोटं तसंच ठेवलं तर वहिनीची नोकरी जाते, खरं छापलं तर मागणी जाते. मी चार मसुदे लिहिले, चारही फाडले. पाचवा घेऊन वहिनीकडे गेले आणि जन्मात पहिल्यांदा छापायच्या आधी कोणाला तरी वाचून दाखवला. ती बाळाला पाजत ऐकत होती.

"बाळ काढून टाक ह्यातून," ती म्हणाली.

"काय?"

"बाळच काढून टाक. स्टूल कशाला हवंय? पाय दुखतात म्हणून. बास. तुझ्या आधीच्या पत्रकाप्रमाणे, मला उद्या साडेतीन किलोचं बाळ झालं तर स्टूल परत घेणार का ते? ज्यांना बाळच नाही त्यांनी उभंच राहायचं? सेल्वीने?"

इतके दिवस बायकांसाठी लिहीत होते आणि बाईचे पाय दुखतात हे माझ्या लेखी पुरेसं कारण नव्हतं. मला त्यावर एक बाळ ठेवावं लागत होतं. मीही मामीसारखीच दारात वजन विचारत होते.

नवं पत्रक वहिनीने सांगितलं, मी लिहिलं. शेवटी दोन ओळी माझ्याच नावाने घातल्या: मागच्या पत्रकात मी एका बाळाच्या वजनाचं कारण ठामपणे लिहिलं होतं, ते मला माहीत नव्हतं. सेल्वी वाचून म्हणाली, "चूक कबूल करणारं पत्रक मी आजवर पाहिलं नाही," आणि वाटायला पहिली तीच उभी राहिली.

अम्माने जुना कागद कॅलेंडरमागून स्वतः काढला, त्यात सोललेल्या लसणाची सालं गुंडाळली. अण्णाला म्हणाली, "ते लेटर पुसून टाक." त्यानेही पुसलं, तितक्याच ठामपणे. आणि मामी पुन्हा वजन विचारायला आली तेव्हा अम्माचा आवाज गल्लीत ऐकू गेला: "आमच्या सुनेच्या माहेरी अश्याच असतात म्हणून सांगते. तुम्ही वाळे बघितले की नाही?" जणू तो वाळ्यांचा शोध तिचाच.

बाळाचं नाव रेवती. आता ती माझ्यापेक्षा वेगाने जिना चढते आणि उंचीला वर्गात शेवटून दुसरी आहे, ह्याचं तिला काडीचं दुःख नाही. वाळे वहिनीच्या कपाटात रुमालात आहेत.

सुट्टी संपल्यावर वहिनी पहाटेच्या बसने कामावर गेली, अम्माने दिलेला लसूणभाताचा डबा घेऊन. नवी पत्रकं वाटून तोवर महिने झाले होते, स्टुलांच्या मागणीचा सह्यांचा कागद दोनदा वर साहेबांकडे जाऊन परत आला होता, आणि मी आशा सोडत आले होते. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मागे भांड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा गलका.

"मैथू, आज लाइनवर स्टुलं आली. सगळ्यांना."

"तू बसलीस?"

"बसले ना. पाय सुजले नव्हते, पोटात कोणी नव्हतं, काही दुखत नव्हतं. नुसतीच बसले."

आता नव्या मुलींना पत्रकाच्या तीन ओळी शिकवून झाल्या की मी चौथी गोष्ट सांगते: जिच्याबद्दल लिहिलंय, तिला आधी वाचून दाखवा. मग त्यांना बसायला सांगते.